भाऊ, तुझ्या त्या टांझानियाच्या शर्टांबद्दल

भाऊ,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सहा जण बोलले आणि सहाही जणांनी एकच वाक्य म्हटलं, "सुधाकरभाऊंची राहणी अत्यंत साधी होती." मी पहिल्या रांगेत वहिनीजवळ बसले होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बोलणाऱ्याची काही गफलत झाली असेल. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा मी वहिनीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. लोकांना वाटलं, रडतेय. ती रडत नव्हती. तिला हसू आवरत नव्हतं आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटत होती.

साधी राहणी! पिवळ्याधमक कापडावर हाताएवढे निळे पक्षी, असा शर्ट घालून दारव्ह्याच्या आठवडी बाजारात वांगी निवडणारा माणूस तू. त्या बाजारात तुला शोधायला मला कधी हाक मारावी लागली नाही.

शेवटी माझं नाव पुकारलं. "आता भगिनी शोभाताई दोन शब्द बोलतील." मी माइकपर्यंत गेले, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि परत येऊन बसले. मागच्या बाया म्हणाल्या, गळा दाटून आला बिचारीचा. तसलं काही नव्हतं. राग आला होता. आणि तो दोन शब्दांत मावणारा नव्हता, म्हणून आता लिहायला बसले आहे.

पहिल्यापासून सांगते, कारण तू कधीच काही पहिल्यापासून सांगितलं नाहीस.

तू जिनिंगचा फिटर. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं बसवायची, त्यांचे रोलर घासायचे, पाती जुळवायची, हे तुझं काम. मी दारव्ह्याला बसस्टँडमागच्या एका खोलीत शिवणाचं दुकान आणि क्लास चालवते. कापूस आपल्या दोघांच्या हाताखालून जायचा, तुझ्याकडे बोंडातून निघाल्यावर आणि माझ्याकडे कापड झाल्यावर. त्या वर्षांत आपल्याकडच्या जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या. यवतमाळ जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरची माणसं आवाज खाली करून बोलायची. तुला एका ठेकेदाराने विचारलं, टांझानियात मशिनी बसवायच्या आहेत, येतोस का? तू वहिनीला न विचारता हो म्हणून मोकळा झालास. मला तर पासपोर्टच्या फोटोसाठी शर्टाची कॉलर सरळ करून मागायला आलास तेव्हा कळलं.

चार महिन्यांनी परत आलास. तुझ्या बोरी अरबच्या घरी अख्खी आळी जमली होती. कोणी विचारत होतं सिंह पाहिला का, कोणी विचारत होतं तिथे खायला काय मिळतं. तू बॅग उघडलीस आणि त्यातून कापड काढलंस. मग आणखी कापड. मग त्याच्याखालून आणखी कापड. आम्ही सगळे वाट पाहत होतो की आता कापड संपेल आणि काहीतरी वस्तू निघेल. बॅग रिकामी झाली. शेवटी तुझी दाढीची पेटी निघाली.

"हे काय आनलं रे भाऊ?" मी विचारलं.

"कापड."

"ते दिसून राह्यलं. कोनासाठी?"

"माह्यासाठी. शर्ट शिवून दे."

मी ते पिवळं कापड उघडलं. पक्षी पाहिले. वहिनीकडे पाहिलं. वहिनी चहा करते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या शर्टावरून आपण किती भांडलो हे तुला आठवत असेल. तू जीपमध्ये बसून माझ्या दुकानात आलास, खांद्यावर ते बोचकं. म्हणालास, कॉलर नको.

"कॉलर नको तर मंग काय लावू?"

"काहीच नको. गळ्याले नुसती पट्टी. अन् हा पक्षी बरोबर छातीवर आला पाह्यजे. मधात. अर्धा इकडं, अर्धा तिकडं असा नाही. पुरा."

"भाऊ, समोरून बटनं येतात. पक्षी कापल्या जाईन."

"दोन्ही भाग जुळव ना. बटन लावलं की पक्षी पुरा दिसला पाह्यजे."

"कापड वाया जाते त्याच्यात. एका लेकराचं झबलं निंघन तेवढ्यात."

"मंग झबलंबी शिव. पन पक्षी पुरा पाह्यजे."

मी वीस वर्षं शिवते आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं की पक्षी कुठे बसवायचा. आणि सांगत कोण होतं? ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं तो फिटर! विचारलं, हे तुला कोणी शिकवलं, तर म्हणालास, जुमाने. जुमा म्हणजे त्या गावातला टेलर. तिथे टेलर दुकानाच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून पायमशीन चालवतात. तुला रविवारची सुट्टी. बाकीचे फिटर सुट्टीच्या दिवशी झोपायचे किंवा पत्ते खेळायचे, आणि तू जुमाच्या समोर पालथ्या डब्यावर जाऊन बसायचास. त्याला हिंदी येत नव्हती, तुला त्याची भाषा येत नव्हती. मग बोलायचे कसे? "कापड दाखवलं की समजते," तू म्हणालास. तू मशीनच्या सुट्या भागांच्या यादीमागे शर्टांची चित्रं काढून आणली होतीस. एका बाजूला नटबोल्ट, दुसऱ्या बाजूला बाह्या. मला ती चित्रं दाखवताना तुझा चेहरा असा झाला होता की मी चिडले. इतकी वर्षं माझं दुकान तुझ्या डोळ्यांसमोर होतं. एकदाही डब्यावर बसून पाहिलं नव्हतंस.

हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा फक्त म्हटलं, "उठ तिथून, टाकलेल्या कापडावर बसला तू."

तरी तू बोलत राहिलास. मशिनीचं एक अक्षर नाही. तिथल्या बाया कापूस घेऊन जिनिंगवर येतात, हे सांगत होतास. "शोभे, दोन कोस उन्हातून चालत येतात. डोक्यावर गाठोडं. बोटं पाह्यली तर आपल्या बायांसारखीच, बोंडानं फाटलेली. कापसाच्या भावाची रडकथाबी तीच. पन डोक्याचं फडकं असं बांधलेलं राह्यते, की लग्नाले चालल्या वाटते."

"मंग?"

"मंग आपन पाह्य. कापूस आपन पिकवतो अन् आंगात काय घालतो? टेरिकॉट. तेबी मातीच्या रंगाचं. काहून? तर मळलं तरी दिसू नये."

मी म्हटलं, टेरिकॉट लवकर वाळतं, रंग सोडत नाही, इस्त्री लागत नाही, आणि कपडे तुला धुवावे लागत नाहीत म्हणून तुला हे सुचतं. या वादात मी बरोबर होते आणि आजही आहे. वहिनीला विचार. त्या पिवळ्या शर्टाने पहिल्याच धुण्यात तिच्या दोन चादरी पिवळ्या केल्या.

मग मी कापायला घेतलं, कापडाची कोर सरळ करायला हातात धरली आणि त्या कोरेवर बारीक अक्षरं दिसली. चष्मा लावून वाचलं. मेड इन इंडिया.

भाऊ, तो दिवस माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदाच्या दिवसांपैकी एक होता. मी ओरडून शेजारच्या चहावाल्याला बोलावलं, क्लासमधल्या सगळ्या पोरींना वाचायला लावलं. आपल्याच देशातलं कापड, समुद्र ओलांडून तिकडे गेलेलं, आणि माझा भाऊ ते विमानात घालून परत घेऊन आला होता! मला वाटलं, आता तरी हा गप्प बसेल. तू कोर हातात घेतलीस, अक्षरांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "इथंच बनते, मंग इथं कोनत्या दुकानात भेटते? आपल्यासाठी कोनीच ठेवत नाही. आपल्याले हे शोभत नाही असं ठरवून टाकलं त्याईनं."

जिंकलेला वाद असा हातातून घेणं तुलाच जमायचं.

आणखी एक. तिथल्या बायांची ती दोन-दोन सारखी वस्त्रं, ज्यांच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते, त्यातली जोडी तू आणलीस. एक मला, एक वहिनीला. मला म्हणालास, "याच्यावर लिहिलं हाये, राग कमी करा." मी ते कपाटात ठेवलं, रागाने. दोन महिन्यांनी वहिनी दुकानात आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, माझ्या कापडावर लिहिलंय, तुझ्यावाचून घराला घरपण नाही. मी तिला म्हटलं, घेऊन ये ते. दोन्ही कापडं टेबलावर शेजारी अंथरली आणि एकेक अक्षर बोटाने जुळवलं. ओळ एकच होती! तुला विचारलं तर तू म्हणालास, जुमाने अर्धा तास हातवारे करून सांगितलं, त्यात दोन्ही आलं. खरं काय लिहिलंय ते आम्हाला अजून माहीत नाही. आता कोणाला विचारायचं?

तू त्या शर्टात दिग्रसच्या लग्नाला गेलास तेव्हा मुलीचा मामा म्हणाला, बँडवाले त्या बाजूला उभे आहेत. सगळे हसले. तूही हसलास. मला मात्र घाम फुटला, कारण शिलाई माझी होती आणि ती उत्तम होती, आणि तरी मला ती माझी आहे असं सांगता येत नव्हतं.

त्याच हंगामात बोरी अरबला कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना टीव्हीची माणसं आली. तू त्या गर्दीत होतास. कॅमेरावाला तुला म्हणाला, दादा, जरा बाजूला व्हा, तुमच्या शर्टाने चित्र बिघडतंय, विषय गंभीर आहे. तू तिथून सरळ जीप पकडून माझ्या दुकानात आलास. पाणी पुढे केलं, घेतलं नाहीस. मीच तो कॅमेरावाला असल्यासारखा माझ्यावर ओरडलास.

"मी इथला नाही काय? कापसातच जन्म गेला ना माहा? दुःख असलं म्हनजे मानसानं मळकंच राहावं काय?"

आणि मी तुझी बाजू घेतली नाही. मी म्हटलं, "तो बरोबर म्हनला. तुमच्या आळीत परवा मयत झाली. वेळ पाहून घालत जा."

तू खाली बसलास. म्हणालास, "त्या घरी मी हाच शर्ट घालून गेलतो. दुसरे सगळे धुण्यात होते. त्या मावशीनं तीन दिवसांत कोनाशी शब्द काढला नव्हता. तिनं माही बाही धरली अन् इचारलं, बापू, हे पाखरू कोनतं हाये?"

"मंग? काय सांगितलं?"

"मलेच कुठी माहीत," तू म्हणालास. "मंग आमी दोघंबी पाह्यत बसलो."

तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. ते मी केलं नाही. मी मशीन सुरू केली आणि म्हटलं, मला परकर द्यायचे आहेत आज. कौतुक करायचं आणि ते ऐकून तू आणखी सहा वार कापड आणायचं, हे मला परवडणारं नव्हतं.

आता ते सांगते जे मला माइकवर बोलता आलं नाही.

तू क्लासमध्ये यायचास, कोणी न बोलावता. शनिवारी. पोरी परीक्षेसाठी सहा कळ्यांचा परकर आणि लहान मुलाचा फ्रॉक शिकत असायच्या, आणि तू मध्येच म्हणायचास, हा काठ खालीच काहून लावता, वर लावून पहा. खांद्यावर. खिशावर. मी तुला किती वेळा बाहेर काढलं. अभ्यासक्रमात नाही ते, परीक्षेत विचारत नाहीत. तू बाहेर जाऊन चहा प्यायचास आणि चहा संपला की परत यायचास. पोरी तुला हसायच्या. मग एका शनिवारी त्यांनी तुझ्या कापडांच्या उरलेल्या तुकड्यांतला एक रुंद काठ साध्या सुती गाऊनला लावला, खाली घेराला आणि वर छातीच्या पट्टीला, दोन्हीकडे नक्षी बरोबर जुळवून. मी पाहिलं आणि उसवा म्हणणार होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली, तिने तो गाऊन हातात घेतला आणि खाली ठेवला नाही.

त्या गाऊनवर माझं दुकान तरलं, भाऊ. रेडिमेडमुळे ब्लाउजसुद्धा कोणी शिवायला टाकत नव्हतं, त्या वर्षी. महागावहून, पुसदहून बाया विचारत यायच्या, काठवाला गाऊन इथेच मिळतो का? माझ्या क्लासमधल्या चार पोरी आज घरी बसून तेच शिवतात. आणि बायांनी विचारलं, ही कल्पना कोणाची, तर मी सांगायचे, माझी. एका पुस्तकात पाहिली होती.

एकदा तू तिथेच होतास. दारात, चप्पल काढत. मी त्या बाईला पुस्तकाचं सांगत होते आणि तू ऐकलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. तू माठातून पाणी घेतलंस, प्यालास आणि त्या बाईला म्हणालास, "लय हुशार हाये बहीन माही." आणि निघून गेलास.

त्यानंतर मी रोज ठरवायचे, सांगेन. तुझ्यासमोर तुझ्या नावाने एखाद्या बाईला सांगेन. तू परत आफ्रिकेला गेलास. आलास. पुन्हा गेलास. आता सांगितलं की नाही? काठ तुझा होता. तू बाहेर बसून चहा पीत होतास तेव्हाही तुझाच होता. हे ऐकायला तू हवा होतास.

आणि आता त्या पँटबद्दल. याच्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही, आणि मला वाटत नाही की करेन.

तिसऱ्या खेपेला तू ठरल्या वेळेच्या आधी परत आलास. म्हणालास, काम लवकर आटपलं. दुकानात आलास तेव्हा लग्नसराई होती, टेबलावर अठरा ब्लाउज पडले होते, लाइट जात-येत होती. तू पायात तिकडून आणलेले नवे, टोकदार, तपकिरी बूट घातले होतेस. म्हणालास, पँट शिवून दे, मोहरी रुंद पाहिजे. खाली चांगली दहा-अकरा इंच.

"ते जुनं झालं. आता कोनी घालत नाही."

"तिकडं घालतात. नवी फॅशन हाये. बूट झाकला गेला पाह्यजे."

मी कंबरेला टेप लावली. चौतिसाची कंबर तिसावर आली होती. मी म्हटलं, वाळला किती रे? तू म्हणालास, तिकडचं जेवण. मग खाली वाकून मोहरीचं माप घ्यायचं होतं. तू टेप माझ्या हातातून घेतलीस. म्हणालास, "मी सांगतो ना, अकरा लिही. तू थकली."

मी थकले होते. मी अकरा लिहिलं.

कॉलरसाठी मी तुझ्याशी दोन दिवस भांडले होते. पक्ष्यासाठी आठवडाभर. बाहीच्या दुमडीसाठी, खिशाच्या जागेसाठी, बटणाच्या रंगासाठी, प्रत्येक वेळी भांडले. त्या एका दिवशी नाही भांडले. भांडले असते तर टेप हिसकून घेतली असती. मी वाकले असते. मी वाकले असते तर पाय दिसला असता, भाऊ. सुजलेला, फडकं बांधलेला, बुटात कसाबसा कोंबलेला. बूट चावला होता, एवढंसं, करंगळीपाशी. तुला साखरेचा आजार होता हे तुला तिथल्या डॉक्टरने पहिल्याच खेपेला सांगितलं होतं आणि तू ते आमच्यापासून झाकून ठेवलं होतंस. गोळ्या दाढीच्या पेटीत होत्या. वहिनीला नंतर सापडल्या, निम्म्याहून जास्त तशाच.

फॅशन म्हणे! तीन वर्षं तू मला शिकवत होतास की कपड्याने माणूस खुलून दिसावा. आणि शेवटचा कपडा माझ्याकडून शिवून घेतलास तो झाकायला. तोही मी इतका चांगला शिवला की वहिनीलासुद्धा दहा दिवस काही दिसलं नाही.

यवतमाळला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले पाय काढावा लागेल, ते ऐकून तू दोन दिवस नाही म्हणालास. तिसऱ्या दिवशी हो म्हणालास तेव्हा विष वर चढलं होतं. त्या दोन दिवसांत मी तुझ्याशी काय बोलले ते मला आठवायचं नाही, पण आठवतं. वॉर्डातल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, इतकी मी ओरडत होते. तू खिडकीकडे तोंड करून पडला होतास. मला वाटलं, हा रडतोय. जवळ गेले तर तू पडद्याकडे पाहत होतास.

"हा हिरवा रंग कोनं निवडला असन वं?" तू म्हणालास. "आजारी मानूस दिवसभर याच्याकडे पाह्यते. कोनी तरी इचार करायले पाह्यजे होता."

मी म्हटलं, "भाऊ, पायाचं बोल."

"पायाचं तू बोलूनच राह्यली ना," तू म्हणालास आणि माझा हात धरलास. मग मी स्टूल ओढून बसले आणि आपण दोघं त्या पडद्याबद्दल बोललो. निळा बरा की फिकट पिवळा, यावर. तू पिवळा म्हणालास, मी निळा म्हणाले. नर्स आली आणि आपण भांडायचं थांबवलं. ते तसंच राहिलं. मला अजूनही वाटतं निळाच बरा.

तू गेलास त्या दिवशी सकाळी दहापर्यंत घर माणसांनी भरलं होतं. अंघोळ घालून झाली. कोणीतरी चौकातल्या दुकानातून पांढरा कुडता-पायजमा आणला होता, रीतीप्रमाणे, नवा. पांढऱ्याबद्दल मी काही बोलले नाही. वहिनीही बोलली नाही. पण घालायच्या आधी त्यांनी तो तुझ्या अंगावर धरून पाहिला आणि मला दिसलं, खांदा दोन-अडीच इंच खाली उतरतोय. तू इतका वाळला होतास आणि त्यांनी तुझ्या जुन्या अंदाजाने बेचाळीसचं माप आणलं होतं. गळा एका बाजूला ओढलेला. मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, चुण्या. घाईत शिवलेला माल, टीपसुद्धा वाकडी.

मी म्हटलं, "थांबा."

बौद्धाचार्य पुस्तक उघडून उभे होते. बाहेर गाडी आली होती. मोठे काका म्हणाले, "शोभा, उशीर होऊन राह्यला बाई." मी वहिनीला म्हटलं, सुई-दोरा दे. ती काही न विचारता उठली आणि घेऊन आली, पांढरा दोरा, सोबत कात्री. मी तुझ्याजवळ जमिनीवर बसले आणि खांद्याची शिवण उसवायला घेतली.

काका वाकून हळू आवाजात म्हणाले, "आता कोन पाह्यते बाई?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "मले दिसते ना."

दोन्ही खांदे आत घेतले, गळ्याची पट्टी सोडवून सरळ केली, मुंढा उतरवला. हाताची शिलाई, बारीक टाके, घाई न करता. वहिनीने दुसरं टोक ताणून धरलं होतं. बाहेर कोणीतरी कितीदा तरी विचारलं, झालं का, आणि आतून कोणीतरी सांगत राहिलं, होऊन राह्यलं. शेवटचा दोरा मी दाताने तोडला, कात्री बाजूलाच असून. मग त्यांनी तुला कुडता घातला.

खांदा बरोबर बसला होता, भाऊ. एक चुणी नव्हती. एवढं तुला सांगायचं राहिलं होतं.